ओ कापलेली हाळी

नवीन_फाईल_१

अश्वजितला भीती हवी होती आणि ती काही केल्या हाताला लागत नव्हती.

लागेल कशी? यवतमाळात भाड्याची खोली, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, खिडकीखाली भजीवाल्याचा झारा. दिवसभर लग्नाच्या व्हिडिओंना संगीत चिकटवून पोट भरायचं आणि उरलेला जीव एका खेळावर लावायचा. खेळ मोबाईलवरचा, नाव 'सातवी वेस'. कंदील घेतलेली एक बाई एका गावाच्या सात वेशी ओलांडत जाते. प्रत्येक वेशीवर एक राखणदार, प्रत्येक राखणदाराचं वेगळं संगीत. हे झालं सहा वेशींचं. सातव्या वेशीला खेळ करणाऱ्यांनी काहीच दिलं नव्हतं. राखणदार दिसत नाही, वाजत नाही, त्याला नाव नाही. बाईची पावलं तेवढी ऐकू येतात आणि मग तीही थांबतात.

या खेळावर जीव टाकणाऱ्यांचा एक ग्रुप होता, आणि ग्रुपातल्या प्रत्येकाला एकच खाज: सातव्या वेशीचं संगीत आपण करायचं. कोणी देवळाची घंटा उलटी वाजवली, कोणी रडणारं बाळ घातलं. ग्रुप सांभाळायची ढाणकीची दीपा. दिवसा बापाच्या कृषी केंद्रात बियाण्याच्या पिशव्या विकायची आणि गिऱ्हाईक नसलं की चाहत्यांची अब्रू काढायची. अश्वजितनं पाठवलेली पहिली चाल ऐकून तिनं लिहिलं होतं, 'भेव नाई वाटत. सासरी चालली म्हैस वाटते.'

तो चिडला नाही. तिचं खरं होतं.

राखणदार_कच्चं

मग त्याला मागच्या मे महिन्यातली एक जुनी फाईल सापडली. फोनमध्ये सव्वादोन मिनिटं जंगल, आणि जंगलात त्याची माय.

अश्वजितचं गाव झरी जामणी तालुक्यात, जंगलाला खेटून. मे महिन्यात बाया उजाडायच्या आत तेंदूपत्ता तोडायला निघतात आणि नऊ-दहाला भारे घेऊन बाहेर पडतात. झुडपांत वाकलेलं माणूस दहा पावलांवरून दिसत नाही. म्हणून हाळी. ती कोणी शिकवत नाही, पण चुकलेली चालत नाही.

एक हाळी म्हणजे, मी इथं आहे.

तिला ओ दिली म्हणजे, ऐकलं, मीही आहे.

हाळी पोकळ द्यायची नाही. ओ चुकवायची नाही.

लागोपाठ तीन हाळ्या म्हणजे, हातातलं टाका आणि या.

आणि नाव घ्यायचं नाही. वाघाचं नाहीच, त्याला बाया 'साहेब' म्हणतात, साहेब राउंडवर आहेत, साहेब नाल्यात बसले. पण माणसाचंही नाही. जंगलात सोडलेलं नाव कोणीही उचलतो, असं म्हणतात. म्हणून बाया एकमेकींना आवाजावरून ओळखतात. अश्वजितच्या मायच्या, कौसल्याच्या हाळीला शेवटी एक चढ होता, काही विचारायला तोंड उघडावं आणि अर्ध्यातच राहावं तसा. गावात तसा दुसरा गळा नव्हता.

तो त्या दिवशी सहज मागे गेला होता. मोबाईल वर धरलेला बघून मायनं विचारलं, काय करून राह्यला? तो म्हणाला, तुझा आवाज घेतो. माय म्हणाली, घे न, आवाजाले काय लागते.

राखणदार_ओ_काढून

पहिल्यांदा त्यानं सगळं तसंच ठेवलं. कौसल्याची हाळी, पाठोपाठ शेजारच्या कोकिळाकाकूची ओ. खाली एक लांबलचक सूर, मागून ढोल. ऐकलं तर काय, गावची सकाळ. त्याला चक्क भूक लागली.

त्यानं हाळी थोडी खाली उतरवली, थोडी ताणली. अजून सकाळच.

मग त्यानं ओ कापली.

कापताना काही वाटलं नाही, हे पुढं त्याला फार आठवायचं. पडद्यावर दोन उंचवटे होते, मोठा मायचा, छोटा काकूचा. छोट्याला निवडलं, एक कळ दाबली, गेला. त्या जागी चार सेकंद काहीच ठेवलं नाही. मग ढोल.

वाजवून बघितलं.

हाळी आली. चढली. तोंड उघडं राहिल्यासारखी थांबली. आणि कोणीच नाही. एक, दोन, तीन... चौथ्या सेकंदाला अश्वजित आपल्याच खोलीत मागे वळून बघत होता. ढोल पडला तेव्हा तो दचकला. ढोल त्यानंच ठेवलेला होता. तो चपला घालून खाली उतरला आणि भूक नसताना भजीवाल्यापाशी अर्धा तास उभा राहिला, चार माणसं आजूबाजूला असावीत म्हणून.

भीती हाळीत नव्हतीच तर. ती ओ नसण्यात होती. एवढी साधी गोष्ट कळायला त्याला दीड वर्ष लागलं होतं, आणि ती कळल्याचा त्याला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, तो नाचला.

नाव

राखणदार

वेशीवरची

परत ये

तिकडं कोण आहे

माय

एकेक लिहायचं, बघायचं, खोडायचं. दीपाची अट होती की वाजायच्या आधी नाव वाचूनच माणसानं दिवा लावला पाहिजे. 'माय' त्यानं सर्वांत लवकर खोडलं.

भुताला भुताचं नाव दिलं की ते नाटकातलं होतं. खरं भूत म्हणजे ज्याचं नाव रेशन कार्डावर सापडतं ते. असा विचार करता करता त्यानं त्या रिकाम्या चौकटीत, नुसतं दिसतं कसं ते बघायला म्हणून, लिहिलं:

कौसल्या

आणि हात मागे घेतला.

नियम त्याला आठवला नाही असं नाही. आठवला. पण तो नियम जंगलातला, आणि इथं खिडकीखाली भजी तळत होती. दीपाला पाठवलं. तिचं उत्तर आलं, 'हेच. माह्या मोठ्या आईचं नाव हाये हे, तरी मले घाम फुटला.' त्यानं चाल नेटवर चढवली.

आठवड्याभरात ती कुठल्या कुठं गेली. सातवी वेस न खेळणारे लोकही ऐकू लागले. खाली लिहू लागले.

*कौसल्या आली.*

*लाईट घालवून ऐका, कौसल्या मागे उभी राहते.*

*आमच्या वाड्यावर रात्री कौसल्या वाजवली, कुत्रे भुंकले.*

*कौसल्याला ओ देऊ नका.*

शेवटचं वाचून त्याला बरं वाटलं नाही. पण ते वाचायला जितकी माणसं आली होती, तितकी त्याच्या कुठल्याच कामाला कधी आली नव्हती. त्यानं त्याखाली एक हसरा चेहरा टाकला.

कौसल्या (घरी)

बुद्ध पौर्णिमेला तो गावी गेला. वंदना झाली, खीर झाली, आणि हात पुसता पुसता मायनं हसत हसत एक गंमत सांगायला घेतली.

झालं असं की आठ दिवसांमागं बाया नाल्याच्या वरच्या अंगाला पत्ता तोडत होत्या. कौसल्या आणि कोकिळा एकाच झुडपाला. आणि नाल्याकडून कौसल्याची हाळी आली.

कौसल्याचं तोंड बंद होतं. तोंडात तंबाखू होता.

हाळी तीच, पण जाड, खोल, विहिरीतून यावी तशी. कोकिळानं कौसल्याकडे बघितलं, कौसल्यानं कोकिळाकडे. कोणी ओ दिली नाही. जी बाजूला उभी आहे तिच्याच आवाजात झाडीतून हाक आली तर ओ देतात का? बाया एकमेकींच्या पदराला धरून उभ्या राहिल्या. एका म्हातारीनं साहेबांना हात जोडले. मग धाडदिशी ढोल वाजला आणि सगळ्या भारे टाकून पळत सुटल्या. फळीवर, म्हणजे जिथं पत्त्याचे पुडे वाळत घालतात तिथं, पोचल्यावर कळलं की पत्ता न्यायला आलेल्या विक्कीनं नाल्यात गाडी उभी करून स्पीकर लावला होता. वर विक्की दात काढत म्हणतो, मावशी, तुमच्याच नावाचं गाणं हाये, तुमच्याच पोट्ट्यानं केलेलं, पाहा, लिवलं हाये इथं.

"मले काय वाचता येते," माय म्हणाली. "पण नाव पाह्यलं म्या. माहं नाव येवढं तर वळखते."

ती हसत होती. अश्वजितनं हातातली वाटी खाली ठेवली.

त्यानं विचारलं, मग आता? मायनं सांगितलं, मग काय, बायांची भीड मेली. विक्की रोजच वाजवतो. हाळी आली की कोणी तरी म्हणतं, वाजलं व कौसल्याबाईचं पोट्टं, आणि सगळ्या हसतात.

"आणि तू देते तवा?"

माय खिरीचं पातेलं झाकता झाकता म्हणाली, "देतेत न ओ. कधी देतेत. कधी उशिरा देतेत."

त्यानं विक्कीला गाठून गाणं पुसायला लावलं. विक्कीनं मुकाट पुसलं आणि म्हणाला, भाऊ, माह्या एकट्याच्या पुसण्यानं काय होते? तिन्ही गाड्यांवर हाये. फळीवरच्या पोट्ट्यांकडं हाये. तुमचं नाव केलं न गावानं.

०:४१

दुसऱ्या दिवशी तो बायांसोबत जंगलात गेला. का, ते त्यानं मायला सांगितलं नाही. बायांना तर नाहीच. बायांनी त्याची मनसोक्त टर उडवली. साहेबांची मुलाखत घ्याले आला काय, आता कोकिळाबाईचं बी गाणं काढ, तिचं घोरणं घे. पुढं नागोरावकाका, हातात काठी आणि कमरेला बांधलेली पितळी थाळी. गावानं जंगलात सोबत करायला नेमलेलं साठीचं माणूस. तो हसला नाही.

आठच्या सुमारास बाया पांगल्या. कौसल्या उताराकडं, नाल्याच्या बाजूला उतरली; तिकडचं पान मोठं असतं. अश्वजित कोकिळाकाकूजवळ पानांचे पुडे बांधत बसला. ऊन आतापासूनच चावत होतं.

नाल्याकडून हाळी आली.

कोकिळाकाकूनं मान वर केली नाही. "वाजलं तुयं," ती म्हणाली, आणि पुडा आवळला. पलीकडून कोणी तरी हसलं.

अश्वजितलाही तेच वाटलं. आला असेल विक्की, नाही तर दुसरा कोणी. ती चाल त्यानं हजार वेळा ऐकली होती. हाळी, मग चार सेकंद, मग ढोल. तो ढोलाची वाट बघू लागला. सवयीनं. बोटं आपोआप मांडीवर मोजू लागली.

एक.

दोन.

तीन.

चार.

ढोल आला नाही.

पाच.

त्याची बोटं हवेत राहिली. स्पीकर बंद केला असेल. गाडी खड्ड्यात गेली असेल. आणि मग त्याच्या लक्षात आलं की हाळी खाली उतरवलेली नव्हती. ताणलेली नव्हती. होती तशी होती, मूळ उंचीची, त्याच्या फोनमध्ये पहिल्या दिवशी होती तितकीच उंच.

दुसरी हाळी.

चालीत दुसरी हाळी एक्केचाळिसाव्या सेकंदाला येते. ही आठव्याला आली.

"काकू," तो म्हणाला, "ते गाणं नाई."

काकू म्हणाली, "तूच केलं न रे."

"नाई न. ढोल नाई आला."

ती त्याच्याकडं वेड्याकडं बघावं तशी बघत राहिली. त्याला ओ द्यायची होती. ओ कशी देतात? त्याला ठाऊक होती ती पडद्यावरची ओ, एक छोटा उंचवटा, उजवीकडं घसरता, पाऊण सेकंदाचा. तो त्यानं मोठा करून पाहिला होता, निवडला होता, पुसला होता. तोंडानं कधी दिली नव्हती. बायांचं काम ते. त्यानं तोंड उघडलं तर नुसती हवा आली.

तिसरी हाळी. चढली, आणि चढाच्या टोकाला फुटली.

मग अश्वजितच्या तोंडून काय आलं ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. ओ होती म्हणतात. बैलासारखी होती असंही म्हणतात. पण ती ऐकली आणि नागोरावकाकानं काठी थाळीवर हाणली, आणि त्या आवाजासरशी सगळ्या बाया उठल्या. कोणी डबे वाजवले, कोणी नुसती बोंब ठोकली. सगळा घोळका उतारावरून नाल्याकडं कोसळला. अश्वजित सर्वांत पुढं होता, आणि पूर्ण वाट त्याच्या डोक्यात ती चार सेकंदं वाजत होती. काहीच नसलेली. त्यानं स्वतः मापून ठेवलेली.

माय ऐनाच्या झाडाला पाठ लावून उभी होती. हातात पानांचा पुडा तसाच धरलेला. डोळे समोरच्या करवंदीच्या जाळीवर. जाळी हलत नव्हती. नागोरावकाका पुढं झाला, थाळी वाजवत वाजवत, आणि मायपासून दहा-बारा पावलांवर थांबला. नाल्याच्या ओल्या वाळूत पाऊल होतं, पसरट, ताटलीएवढं, आणि त्यात अजून पाणी भरत होतं. तिथून पुढं तशी तीन पावलं आणखी होती, तिच्याकडं तोंड केलेली. मग वाळू उडाल्यासारखी विसकटलेली, आणि मग परत गेलेली.

कोकिळाकाकूनं मायच्या हातातला पुडा सोडवायला बघितलं; बोटं उघडेनात.

"तीन देल्ल्या," माय म्हणाली. मोठ्यानं नाही. कोकिळाकडं बघत.

कोकिळाकाकूनं पदर तोंडावर घेतला.

घराकडं चालताना मायनं विचारलं, "ओ कोणं देल्ली?"

"म्या."

"बेसूर होती," माय म्हणाली, आणि तिथंच वाटेत बसून रडू लागली.

.

दुपारी अंगणात बाया जमल्या. नागोरावकाका म्हणाला, हे हाळी गेली आता. वाटल्या गेली. ज्याच्या त्याच्या खिशात हाये, तिच्यावर कोणी जीव टाकन काय? नवी पाह्यजे. ओ बी नवी. आजच.

अश्वजित पुढं झाला. म्हणाला, मी करतो. मले जमते. दूरवर जाईल, पाखरांत मिसळणार नाही, प्रत्येकीला वेगळी ओळखू येईल अशी करून देतो. रेकॉर्ड नाही करणार. नाव नाही देणार.

बाया खाली बघू लागल्या. कोणी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. माय उठली. त्याच्या दंडाला धरून त्याला घरात नेलं, लहानपणी नेत असे तसं, आणि बाजेवर बसवलं.

"तू नको, बाप्पू. तुले ऐकू बी नको याले."

तिनं कूलर लावला, मोठ्यावर. जुना पत्र्याचा कूलर, त्याच्या घरघरीत शेजारचं माणूस ऐकू येत नाही. बाहेरून कडी लावल्याचं त्याला दिसलं, ऐकू आलं नाही. खिडकीच्या फटीतून बायांची तोंडं दिसत होती. कोकिळाकाकूचं उघडलं, मिटलं. मायचं उघडलं. काय निघालं त्यातून, चढ होता की उतार, ते त्याला कळलं नाही. कळू नये म्हणून तो वाऱ्यासमोर डोकं धरून बसला.

तिथं बसून त्यानं फोन काढला. चाल पुसली. मग आठवलं की पुसली तर राहिलेल्या नकलांवर तेच नाव राहील, आणि पुसली नाही तर इथंही राहील. त्यानं ती परत आणली, नाव काढलं. साईट नावाची चौकट रिकामी सोडू देईना. किमान एक अक्षर हवं म्हणे. त्यानं एक टिंब दिलं. मग फोनमधली ती जुनी सव्वादोन मिनिटं काढली, कापलेली ओ उचलली, आणि चार सेकंदांच्या जागी परत बसवली. संध्याकाळपर्यंत दीपाचा निरोप आला. 'हे काय केलं? भेव गेलं न सारं.' खाली कोणी तरी लिहिलं होतं, जुनी कौसल्या माझ्याकडे आहे, ज्याला पाहिजे त्यानं सांगा. त्याखाली सत्तर माणसं रांगेत होती.

सकाळी बाया गेल्या. माय पण गेली. त्यानं खूप अडवलं. ती म्हणाली, पत्ता पंधराच दिवस राह्यते, आणि साहेबाले का सुट्टी हाये काय. त्याला मात्र सोबत घेतलं नाही.

तो उंबऱ्यावर बसला. समोर दोन वावरं, त्यांच्यापलीकडं जंगल. ऊन वर आलं. कुठं तरी पावशा ओरडला, कुठं होला घुमला. मग नाल्याच्या अंगाला एक आवाज आला, आखूड, तुटका, पूर्वी न ऐकलेला. पाखरूही असेल. लाकूड मोडलं असेल. हाळीही असेल. कोणाची, ते त्याला कळणार नव्हतं. तशीच तर ती केली होती.

तो ओ ऐकायला लागला. ओ कशी आहे तेही त्याला माहीत नव्हतं.

मांडीवर बोटं हलली. एक. दोन. तीन. चार.

पाच.